सात डिसेंबरला हिशेब मागा!

दरवर्षी नोव्हेंबर सरत आला की मुंबई महानगरपालिकेचे प्रसिद्धीपत्रक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत येऊन पडते. महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमी आणि शिवाजी पार्कवर येणाऱ्या अनुयायांच्या स्वागतास प्रशासन सज्ज, असा त्याचा सूर असतो. इतके नळ, इतके टँकर, इतकी फिरती शौचालये, इतके वैद्यकीय कक्ष, इतके सफाई कामगार, अशी लांबलचक यादी असते. पुढारी मैदानाची पाहणी करतात, छायाचित्रे निघतात. सहा डिसेंबर उजाडतो. लाखोंचा जनसागर उसळतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो, पुस्तकांच्या पिशव्या घेऊन गावी परततो. सात डिसेंबरला मंडप उतरतो. आणि मग त्या यादीचे प्रत्यक्षात काय झाले, हे विचारायला मैदानात कोणी उरत नाही.

महापालिका म्हणते, दरवर्षी सुधारणा होते आहे. असेलही. डिसेंबरच्या थंडीत उघड्या मैदानावर चादर अंथरून रात्र काढणारी आमची मागची पिढी आणि आज मंडपाखाली विसावणारी पिढी यांच्या अनुभवात फरक आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण हा फरक कोणा आयुक्ताने दान म्हणून दिलेला नाही. निवेदने, बैठका आणि मोर्चे यांतून चळवळीने तो मिळवला आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही सुधारणा मोजली कोणी? कोणत्या पट्टीने? मागच्या वर्षीची पट्टी आणि यंदाची पट्टी एकच होती काय? आणि मोजणारा रांगेच्या कोणत्या टोकाला उभा होता?

हा प्रश्न केवळ एका दिवसाच्या सोयीचा नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ६१ महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते. पाणीपुरवठा, सार्वजनिक शौचालये, गटारे, रस्त्यांची झाडलोट आणि घाणीची विल्हेवाट ही त्यातली कामे आहेत. म्हणजे शिवाजी पार्कवरचा नळ हा आमच्यावर केलेला उपकार नव्हे, तो कायद्याने लादलेला कर्तव्याचा भाग आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महापालिकेने ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडला होता. गोव्यासारख्या राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून हा आकडा मोठा आहे. एवढा पैसा हाताळणाऱ्या संस्थेला यंदा गेल्या वर्षीपेक्षा काय सुधारले, हे पुराव्यानिशी सांगता येत नसेल, तर दोष पैशाचा नसून नियतीचा आहे.

महाडचा धडा

दादर पश्चिमेला एस. के. बोले मार्ग आहे. सहा डिसेंबरला या परिसरातून हजारो अनुयायी चालत जातात. पाटीवरचे हे बोले कोण, हे नव्या पिढीने विसरू नये. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी व सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. झाले! कागदावर सुधारणा पूर्ण झाली. त्या काळच्या नगरपालिकेने प्रसिद्धीपत्रक काढले असते, तर हे वाक्य त्यात मोठ्या अभिमानाने बसले असते. प्रत्यक्षात तळ्यातल्या एका थेंबालाही आमच्या माणसाचा हात लागत नव्हता.

बोले मात्र ठराव करून घरी बसले नाहीत. तीन वर्षांनी त्यांनी पाहिले की ठरावाचा अंमल होत नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कायदेमंडळात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणत नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करा, अशी त्यात शिफारस होती. आज ज्याला स्थानिक संस्थांच्या सुधारणेचा पाठपुरावा म्हणतात, त्याचा याहून स्वच्छ नमुना आम्हाला ठाऊक नाही. आधी कर्तव्य ठरवा, मग ठरल्या मुदतीने तपासा, आणि न केल्यास पैशाला हात घाला.

तरीही खरी तपासणी झाली ती २० मार्च १९२७ रोजी. बाबासाहेब हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीत पाणी घेतले. समतेच्या संगराचा तो दिवस आपण सारे जाणतो. तो मोजमापाचाही दिवस होता, हे मात्र आपण ध्यानात घेत नाही. नगरपालिकेचा ठराव खरा की खोटा, हे त्या एका ओंजळीने साऱ्या देशापुढे तपासले. खोटा ठरला. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोल्यांच्या पहिल्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठरावच रद्द करून टाकला. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला मार्च १९३७ उजाडावा लागला.

यातून तीन गोष्टी निघतात. ठराव मंजूर होणे आणि सुधारणा होणे यांत अंतर असते. ते अंतर ज्याला पाणी नाकारले गेले त्यानेच मोजले पाहिजे. नाकारणाऱ्याने मोजून चालणार नाही. आणि पुढे गेलेले पाऊल मागेही घेतले जाते, म्हणून मोजणी एकदा करून थांबता येत नाही.

एका विभागात दोन शहरे

शिवाजी पार्क महापालिकेच्या जी/उत्तर विभागात येते. दादर, माहीम आणि धारावी हे सारे या एका विभागात. मैदान १९२५ साली महापालिकेने खुले केले आणि १९२७ मध्ये त्याला शिवरायांचे नाव मिळाले. मैदानाभोवतीचे रहिवासी शिकलेले, संघटित आणि जागरूक आहेत. मैदानावरील लाल मातीची धूळ घरात येते म्हणून ते वर्षानुवर्षे तक्रार करतात, पत्रे लिहितात, अधिकाऱ्यांना मैदानावर बोलावतात. आवाजाच्या प्रश्नावर ते न्यायालयात गेले आणि मे २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले. सहा डिसेंबरला त्यातून अपवाद मिळाला, तोही नोंदला पाहिजे. या रहिवाशांशी आमचे भांडण नाही. उलट आम्ही म्हणतो, त्यांच्याकडून शिका! त्यांच्याकडे फाइल असते. कोणत्या तारखेला पत्र दिले, काय उत्तर आले, काय काम झाले, काय राहिले, हे त्यांच्याकडे लिहिलेले असते. महापालिका त्यांना ऐकते, याला त्यांचे सामाजिक स्थान कारणीभूत आहेच. ही फाइलही तितकीच कारणीभूत आहे.

त्याच विभागात धारावी आहे, माटुंगा लेबर कॅम्प आहे. आंबेडकरी चळवळीला कार्यकर्ते, शाहीर आणि लेखक देणाऱ्या या वस्त्या. तिथे बहुसंख्य कुटुंबे सार्वजनिक शौचालयावर अवलंबून आहेत. स्वच्छ भारत अभियानाचा निकष सांगतो, सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक शौचकूप असावे. सकाळी सहा वाजता रांगेत डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारा, हा निकष तिच्या गल्लीत कधी पोहोचला. पण विभागाचा आकडा काढताना शिवाजी पार्कच्या इमारतीतला संडास आणि धारावीतला संडास एका बेरजेत जातात आणि त्यातून एक सरासरी निघते. सरासरी सुधारली की विभाग सुधारला! सरासरी हे प्रस्थापितांचे आवडते हत्यार आहे. गावाच्या सरासरीत गावकुसाबाहेरची वस्ती नेहमीच अदृश्य झाली आहे.

वस्तीनिहाय आकडे ठेवणे अवघड आहे, असे कोणी अधिकारी सांगू लागला तर त्याला २०२० सालची आठवण करून द्या. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला. त्यानंतर याच जी/उत्तर विभागाचे आकडे दररोज धारावी, दादर आणि माहीम असे वेगवेगळे प्रसिद्ध होत होते. आज धारावीत किती, काल किती, हे साऱ्या जगाला कळत होते. आकडा वेगळा होता म्हणून लक्ष तिकडे गेले, माणसे आणि पैसा तिकडे गेला. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन कौतुक केले. म्हणजे हे जमते! रोगाची भीती साऱ्या शहराला असते तेव्हा धारावीचा आकडा वेगळा निघतो. मग पाण्याचा, शौचकूपांचा आणि कचऱ्याचा का निघू नये?

आकड्यांची नशा

सुधारणा मोजण्याचा प्रयत्न जगात झालेला नाही असे नाही. इंग्लंडमध्ये १९९९ च्या स्थानिक शासन कायद्याने प्रत्येक कौन्सिलवर आपल्या कामात सतत सुधारणा करण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. काटकसर, कार्यक्षमता आणि परिणामकारकता या तीन कसोट्या ठरल्या. लेखापरीक्षण आयोग कौन्सिलांना गुण देऊ लागला. हळूहळू निर्देशांक वाढत गेले. २००८ साली राष्ट्रीय निर्देशांकांची संख्या १९८ वर होती. अधिकारी नागरिकांसाठी काम करण्याऐवजी रकाने भरण्यासाठी काम करतात, अशी टीका झाली. मग सरकार बदलले, निर्देशांक गेले, २०१५ साली तो आयोगही बंद झाला. पुढे २०१८ मध्ये नॉर्थॅम्प्टनशायरने आणि २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या शहराच्या कौन्सिलने पैसे पुरत नसल्याची कायदेशीर नोटीस काढली. फार मोजले तरी बिघडते, आणि मोजणे सोडले तर बिघाड उशिरा कळतो, असा हा अनुभव आहे.

आपल्याकडे केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली पाणी, मलनिःसारण, घनकचरा आणि पर्जन्यजल वाहिन्या या चार सेवांसाठी २८ निर्देशांक ठरवले. तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाच्या एका भागासाठी त्यांची उद्दिष्टे राजपत्रात प्रसिद्ध करण्याची अट घातली. अट चांगली होती. पण राजपत्रात यायचा तो शहराचा आकडा. वस्तीचा रकाना त्यात नव्हता, जातीचा तर प्रश्नच नाही.

म्हणून सहा डिसेंबरच्या यादीकडे पुन्हा पाहा. शौचालये किती आणली, हा खर्चाचा आकडा झाला. पाच डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता नांदेडहून आलेल्या बाईला किती वेळ रांगेत उभे राहावे लागले, आत पाणी होते काय, दिवा होता काय, कडी लागत होती काय, हा सुधारणेचा आकडा झाला. नळ किती बसवले हे कंत्राटदाराच्या बिलात लिहिलेले असते. पहाटे त्या नळाला पाणी होते काय, हे बिलात कुठेही नसते. महापालिका पहिला आकडा देते आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळते.

तुलना कोणत्या वर्षाशी, हेही पाहायला हवे. २०२० साली करोनामुळे अनुयायांनी घरूनच अभिवादन केले. त्या वर्षाशी तुलना केली तर नंतरची कोणतीही व्यवस्था दिमाखदार दिसेल! ५ डिसेंबर २०१७ रोजी ओखी चक्रीवादळाचा पाऊस शिवाजी पार्कवर कोसळला, मैदानाचा चिखल झाला आणि अनुयायांना जवळपासच्या महापालिका शाळांत हलवावे लागले. निसर्गाला दोष देता येणार नाही. पण एका वर्षी शिकलेला धडा पुढच्या वर्षीच्या आराखड्यात लेखी उतरतो काय, अधिकारी बदलला तरी तो टिकतो काय, ही सततच्या सुधारणेची खरी कसोटी आहे. अधिकाऱ्याच्या डोक्यात असलेली सुधारणा त्याच्या बदलीबरोबर निघून जाते.

झाडू कोणाच्या हातात?

मोजणीच्या या वहीत एक पान असे आहे, जे आपणही अनेकदा उघडत नाही. सहा डिसेंबरची गर्दी ओसरल्यावर मैदान झाडतो कोण? फिरत्या शौचालयांची घाण उपसतो कोण? तो बहुतेक वेळा आपलाच भाऊ असतो, आपलीच बहीण असते. मैदान किती तासांत चकाचक केले, याचे कौतुक सात डिसेंबरला छापून येते. ते किती माणसांनी, किती तास राबून, कोणत्या मजुरीवर केले, त्यांच्या हातात मोजे आणि पायात बूट होते काय, हे छापून येत नाही.

मुंबईतील कंत्राटी सफाई कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे लढा दिला. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांच्या कायम नोकरीच्या बाजूने निकाल दिला. महापालिकेच्या दप्तरी हे कामगार कित्येक वर्षे तिचे कामगारच नव्हते! हाताने मैला उपसण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. शहर स्वच्छ झाले आणि झाडणारा तिथेच राहिला, तर त्याला आम्ही सुधारणा म्हणणार नाही. आमच्या सोयीचा नळ दुसऱ्या दलिताच्या पाठीवरून येत असेल, तर त्याचा हिशेब आम्हीच आधी मागितला पाहिजे.

सबब संपली, आता कामाला लागा

७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली. पाच वर्षांनी निवडणूक घ्या, असे सांगणारे संविधानाचे कलम २४३-यू कागदावर राहिले आणि महापालिका प्रशासकाच्या हाती गेली. २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ असे चार महापरिनिर्वाण दिन नगरसेवकांविना गेले. सभागृहात प्रश्न विचारायला कोणी नव्हते. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. आता सभागृह आहे, प्रभागाला प्रतिनिधी आहे. तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला जाब विचारता येतो. सबब संपली आहे.

पण नगरसेवकाकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. वही घेऊन जा. वॉर्डावॉर्डातील बुद्धविहारे, महिला मंडळे, समता सैनिक दलाचे कार्यकर्ते यांनी ठरवले तर एका वर्षात ही वही उभी राहते. प्रश्न दहाच्या वर नकोत, नाहीतर इंग्लंडची गत होईल. तेच प्रश्न, त्याच जागा, तीच वेळ, दरवर्षी. स्त्रियांच्या शौचालयापुढे किती वेळ थांबावे लागले? पाणी किती वाजता संपले, किती वाजता आले? शौचालय दिवसातून किती वेळा साफ झाले? अपंग आणि वृद्धांना कुठे अडले? वैद्यकीय कक्षात रात्री डॉक्टर होता काय? सफाई कामगाराला मोजे-बूट, जेवण आणि सुट्टी मिळाली काय? मागील वर्षीच्या तक्रारींपैकी किती सुटल्या? ही नोंद स्त्रियांच्या हाती द्या, कारण रांगेचा शेवट त्यांच्या वाट्याला येतो. आणि हीच वही उरलेले ३६४ दिवस आपल्या वस्तीतल्या नळासाठी, शौचालयासाठी, दवाखान्यासाठी वापरा. सहा डिसेंबर ही तालीम आहे. खरा सामना वस्तीत आहे.

आता कायद्याची बाजू. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ हे आपल्या हातातले शस्त्र आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत. मोघम अर्ज करू नका. मंडप, नळ, टँकर आणि शौचालयांचे कार्यादेश, कंत्राटाच्या अटी, अदा केलेली बिले, साफसफाईच्या नोंदवह्या, कंत्राटदाराला दंड झाला असल्यास त्याचा आदेश, आणि कार्यक्रमानंतर आढावा बैठक झाली असल्यास तिचे इतिवृत्त, असे नेमके कागद मागा. कलम २(ञ) प्रमाणे कागदपत्रांची व कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे. डिसेंबर संपायच्या आत अर्ज टाका. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढील तीस दिवसांत पहिले अपील करा. म्हणजे पावसाळ्यापूर्वी कागद हाती येतील आणि पुढच्या वर्षीच्या निविदा निघण्याआधी आपली वही आणि त्यांचे बिल शेजारी शेजारी ठेवता येईल. नोव्हेंबरमध्ये निवेदन देऊन काही होत नाही. तोवर कंत्राटे दिली गेलेली असतात आणि साहेबांना हार घालण्यापलीकडे आपल्या हाती काही उरत नाही.

आणि एक मागणी आपण सर्वांनी एकमुखाने करू या. जी/उत्तर विभागाने दरवर्षी जानेवारीत एक पानाचे पत्रक मराठीत प्रसिद्ध करावे. मागील वर्षी काय ठरले, किती खर्च झाला, काय राहिले, का राहिले, पुढच्या वर्षी कोणत्या तारखेपर्यंत होईल. विभागाचे आकडे दादर, माहीम, धारावी असे वेगळे द्यावेत, २०२० साली दिले तसेच. यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकाराच्या कलम ४ ने स्वतःहून माहिती जाहीर करण्याचे कर्तव्य आधीच घातले आहे.

आमच्या लोकांवर दरवर्षी एक आरोप होतो, की ही गर्दी येते आणि दादर घाण करून जाते. या आरोपाला आजवर आपण संतापाने उत्तर दिले. संताप योग्यच आहे. यापुढे त्याला पुराव्यानेही उत्तर देऊ. कचरा टाकायला पेटी किती अंतरावर होती, ती किती वाजता भरली आणि किती वाजता उचलली, हे तारीख-वारासह आपल्या वहीत असेल, तर घाण कोणाच्या कामचुकारपणामुळे झाली हे न्यायालयातही सिद्ध करता येईल. लिहिलेल्या नोंदीपुढे उच्चवर्णीय तिरस्कार फार वेळ टिकत नाही.

बाबासाहेबांनी महाडला पाणी पिऊन नगरपालिकेचा ठराव तपासला. त्याला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे होतील. त्या शताब्दीला फलक लागतील, मिरवणुका निघतील, भाषणे होतील. ते सारे व्हावेच. पण त्या दिवशी जी/उत्तर विभागाच्या सहायक आयुक्तांच्या टेबलावर आपण आपली पहिली वही नेऊन ठेवली, तर महाडच्या संगराला ते खरे अभिवादन होईल. यंदाच्या सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर येताना मेणबत्ती आणि फूल आणाच. सोबत एक वही आणि एक पेन आणा.

जय भीम!